पाल्य वजाबाकीत कच्चा आहे

एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर अजून साबण होता, तेव्हा अण्णांना कळलं की आपला मुलगा वजाबाकीत कच्चा आहे. मुलाचं वय त्या दिवशी बेचाळीस होतं.

मोबाइलवर मेसेज आला होता. ‘आदरणीय पालक, आपला पाल्य नियमित आहे. वर्तन समाधानकारक. हातच्याची वजाबाकी अद्याप जमत नाही. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, मग मोठा अंक वर असो की खाली. चार वर्षांतील प्रगती : नाही. कृपया घरी लक्ष द्यावे.’ खाली पाल्याचं संपूर्ण नाव होतं, मधल्या जागी अण्णांचं स्वतःचं. अण्णांनी चष्मा लावून मेसेज पुन्हा वाचला आणि दुसरा गाल तसाच पुसून टाकला.

अण्णा ऑडिटर म्हणून निवृत्त झाले होते. माणसाने लिहिलेलं तेवढं धरायचं आणि तोंडी सांगितलेलं सोडून द्यायचं, ह्या एका तत्त्वावर त्यांनी उभी नोकरी काढली होती. खुलासा जितका लांब तितकी भानगड मोठी, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी मुलाला फोन लावला.

“काय करतोयस?”

“कामात आहे अण्णा. उद्या शाळेच्या मोठ्या बाई येणार आहेत, त्याची तयारी चाललीय.”

“बावन्नातून अडतीस गेले, किती?”

“काय?”

“सोपं आहे. बावन्न वजा अडतीस.”

“अण्णा, मी खरंच गडबडीत आहे हो.”

“हं,” अण्णा म्हणाले. ह्याच ‘हं’नंतर पूर्वी मोठमोठे अधिकारी आजारपणाची रजा टाकत असत. “शाळेच्या बाई येणार आहेत. म्हणजे प्रकरण तिथपर्यंत गेलंय तर.” आणि त्यांनी फोन ठेवला.

ज्याच्याविषयी हे सगळं चाललं होतं तो माणूस एका कंपनीचा संस्थापक होता. कंपनी शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. खाली मशीन सुरू झालं की वर टेबल थरथरे आणि संगणकाच्या पडद्यावरचे आकडे जरा घाबरल्यासारखे दिसत. कंपनीत माणसं तीन होती, पण तिघांनाही पदं होती. संस्थापक हा संस्थापक होता. त्याची बायको अभ्यासक्रम विभागाची प्रमुख होती आणि त्या विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे तिचं सगळे ऐकत. तिसरा प्रोग्रामर. तो इतका कमी बोलायचा की त्याला सगळे ‘मौनी’ म्हणत. असं म्हणतात हे त्यालाही माहीत होतं, पण त्यावर तो काही बोलला नव्हता.

ही मंडळी लहान मुलांसाठी गणिताचं सॉफ्टवेअर करत. तसं ते पुष्कळ जण करतात. पण ह्यांची एक कल्पना होती, एकुलती एक आणि म्हणून फार लाडाची. मुलं उगाच चुकत नाहीत, प्रत्येक चुकीमागे त्यांचं स्वतःचं एक शास्त्र असतं. उत्तर चूक आहे एवढं सांगून भागत नाही. पोर कुठल्या वाटेने त्या चुकीपर्यंत पोचलं हे ओळखायचं आणि नेमकं तिथे बोट ठेवायचं. आता संगणकाला चुका ओळखता यायच्या तर त्याच्यासमोर आधी कोणी तरी चुकायला हवं, तेही रोज आणि मनापासून.

सुरुवातीला हे काम मौनीकडे दिलं होतं. पण तो पाच अधिक तीनचं उत्तर नऊशे बारा लिही. असं कुठलंही मूल चुकत नाही. मग बायकोने करून पाहिलं. ती पूर्वी शाळेत गणित शिकवायची. चुकीचं उत्तर लिहायला तिचा हात धजत नसे, आणि लिहिलंच तर डोळा चुकवून ती ते परत दुरुस्त करी. कुठल्याही कचेरीत एक माणूस असा असतोच, की ज्याला दुसरं कुठलंच काम नेमकं येत नाही. इथे तो संस्थापक होता. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिस उघडलं की तो चुकायला बसे. कधी घाईतलं पोर होऊन, कधी खिडकीबाहेर बघणारं, कधी ‘मला सगळं येतं’ म्हणणारं. चार वर्षांत तो त्यात तरबेज झाला होता. सॉफ्टवेअरमध्ये त्याची रीतसर नोंद होती, विद्यार्थी क्रमांक एक.

नोंदणी करताना पालकांच्या मोबाइल नंबरचा रकाना रिकामा सोडता येत नसे. हा नियम संस्थापकानेच केला होता आणि त्यावर तो ठाम होता. त्याला पाठ असलेला एकच नंबर होता, तो त्याने टाकला आणि विसरून गेला.

आता ह्या मोठ्या बाई. बऱ्याच शाळा चालवणाऱ्या एका संस्थेच्या त्या मुख्य होत्या. त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं तर कंपनी तरणार होती. नाही घेतलं तर महिनाअखेर दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या परत द्यायच्या आणि संस्थापकाने बायकोच्या भावाच्या फरशांच्या दुकानात बसायचं, असं नवराबायकोत शांतपणे ठरलं होतं. शांतपणे म्हणजे ती बोलली होती आणि तो गप्प बसला होता. बाईंनी फोनवर एवढंच विचारलं होतं, “पालकांना काही कळवता का?” संस्थापकाने तोंडभरून “हो” म्हटलं होतं आणि मग मौनीला तसं करायला सांगितलं होतं. मौनीने जेवणानंतर बसून ते केलं, चालू केलं आणि घरी गेला.

“सगळ्या विद्यार्थ्यांसाठी चालू केलंस?” दुसऱ्या दिवशी, अण्णांचा फोन येऊन गेल्यावर, संस्थापकाने विचारलं.

“सगळ्या,” मौनी म्हणाला.

बायको आधी पोट धरून हसली. मग तिने मेसेज नीट वाचला आणि म्हणाली, “वर्तन समाधानकारक कोणी लिहिलं? मला विचारायचं तरी.”

संस्थापकाने ताबडतोब अण्णांना फोन केला आणि सविस्तर खुलासा केला. तिथेच तो चुकला, आणि ह्या वेळी मुद्दाम नव्हे.

“म्हणजे तू मुद्दाम चुकतोस,” अण्णा म्हणाले.

“हो.”

“रोज.”

“हो, म्हणजे सुट्टी सोडून.”

“आणि चुकण्याचा तुला पगार मिळतो.”

“पगार नाही मिळत अण्णा. कंपनी माझीच आहे ना.”

“फुकट चुकतोस,” अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, त्याने संस्थापक जास्त घाबरला. “हे बघ, लपवण्यासारखं काही नाही त्यात. तुझ्या वेळी मी सारखा दौऱ्यावर असायचो. माझंच लक्ष नव्हतं.”

त्यानंतर अण्णांनी एक फोन केला, फक्त मुलीला. मुलीचं मन मोठं असल्यामुळे तिने बाकीच्यांना केले. अर्ध्या तासात ताईचा संस्थापकाला फोन आला. “अरे, लहानपणीच सांगायचं नाही का? मी शिकवली असती. तरी मी म्हणायचे, हा दुकानातून येताना सुटे पैसे कधी मोजत कसा नाही.” मग एका काकांचा आला. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला आकडे उलटे दिसत, त्याला चांगला गुण आला होता. कुठल्या औषधाने ते त्यांना आठवत नव्हतं, पण पत्ता देतो म्हणाले.

दुपारी फरशांच्या दुकानातून मेहुण्याचा फोन आला. तो आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, “दाजी, ते दुकानात बसण्याचं आपलं ठरलं होतं, ते जरा पुढे ढकलू या का?”

“का हो?”

“तसं काही नाही. तुमच्याबद्दल आदर आहेच. पण आमचा धंदा म्हणजे काय? माल आला किती, गेला किती, राहिला किती. सगळी वजाबाकीच की हो.”

संस्थापकाने फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. चौघांत ती नवऱ्याला अहो म्हणायची, एकांतात अरे, आणि प्रकरण गंभीर असलं की एकांतातही अहो. “अहो,” ती म्हणाली, “आता उद्याच्या बाईच तेवढ्या राहिल्या. बाकी कुठलीच दारं उघडी नाहीत.”

तेव्हा विद्यार्थी क्रमांक एक ह्याला काढून टाकावं असं ठरलं. विद्यार्थीच नसेल तर पुढचे मेसेज कुठून येतील? मौनीने नकारार्थी मान हलवली. “तो गेला की सगळं गेलं,” तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं. चुकांविषयी सॉफ्टवेअरला जे काही कळत होतं ते ह्या एका विद्यार्थ्याच्या जिवावर. त्याला पुसलं असतं तर सॉफ्टवेअर उद्या बाईंसमोर नुसतं ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ म्हणत बसलं असतं.

मग बायकोने तोडगा काढला. “मेसेज पाल्याच्या प्रगतीवर जातो ना? मग प्रगती करा. बसा आणि सगळी बरोबर सोडवा. अण्णांना संध्याकाळी चांगला मेसेज जाईल, विषय मिटेल.”

संस्थापक बसला. हे काम त्याला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. दर उदाहरणाला आधी त्याच्या डोक्यात एक सुंदर चूक यायची, ती बाजूला सारून मग बरोबर उत्तर शोधावं लागायचं. पण त्याने नेट लावला. बायको मागे उभी राहून डोळ्यांत तेल घालून बघत होती. सगळी उदाहरणं बरोबर आली. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं आणि तो हात-पाय ताणून उठला.

तेवढ्यात अण्णांना दुसरा मेसेज गेला. ‘आदरणीय पालक, आपल्या पाल्याने आज अचानक सर्व उदाहरणे बरोबर सोडवली आहेत. दुसऱ्याचे पाहून लिहिल्याची शक्यता नाकारता येत नाही. कृपया पाल्याशी प्रेमाने बोलावे.’ हा मजकूर बायकोने स्वतः पूर्वी कधी तरी लिहून ठेवला होता आणि त्याचा तिला अभिमान होता. खरं सांगायचं तर तो तेव्हाही थोडा शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थापक ऑफिसला आला तर अण्णा जिन्यातच उभे. हातात टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर आणि पाठकोऱ्या कागदांची गुंडाळी. दोन्ही गालांची दाढी केलेली.

“नापास झालास तर माझी काही हरकत नाही,” ते म्हणाले. “आपल्या घरात झालेत. तुझा काका दोनदा झालाय. पण पाहून लिहिणारा आजवर कोणी निघाला नव्हता.”

“अण्णा, मी कोणाचं पाहून लिहिणार? वर्गात मी एकटाच आहे.”

“बायको मागे उभी होती की नव्हती?”

संस्थापकाला अण्णांसमोर खोटं बोलता येत नसे. “होती,” तो म्हणाला.

“मग झालं.” अण्णा खुर्चीत बसले, कागद पसरले आणि शेजारची खुर्ची त्यांनी हाताने थोपटली. “ये. प्रेमाने बोलायला सांगितलंय, म्हणून प्रेमाने बोलतोय. बस इथे.”

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. बाई यायला अजून अवकाश होता. आधी अण्णांचं समाधान करावं, मग त्यांना आतल्या खोलीत चहा द्यावा आणि बाई जाईपर्यंत दार लोटून घ्यावं, असा तिने मनात आराखडा केला. तो उत्तम होता. फक्त मोठ्या बाई वेळेआधी आल्या. त्या सगळीकडेच वेळेआधी जात, कारण लोक खरे कसे आहेत ते तेव्हाच दिसतं असं त्यांचं मत होतं.

दारात उभ्या राहून त्यांना दिसलं ते असं. एक वयस्क गृहस्थ पेन्सिलने कागदावर उभ्या काड्या ओढत आहेत आणि त्यांच्या शेजारी बसलेला टक्कल पडू लागलेला इसम म्हणतोय, “एकक खाली, दशक… कळतंय हो मला, अण्णा.”

“अण्णा, आत येता का जरा?” बायको घाईने म्हणाली. “चहा टाकलाय.”

“चहा नंतर. बाई आल्यात ना? पालकांनी भेटायलाच पाहिजे.” अण्णा उठले आणि त्यांनी हात जोडले. “नमस्कार बाई. मी ह्याचा पालक.”

कोणी आपल्यासमोर हात जोडून ‘मी पालक’ म्हटलं की काय करायचं, हे मोठ्या बाईंच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि त्या म्हणाल्या, “बसा. काय म्हणतोय मुलगा?”

“मुलगा स्वभावाने चांगला आहे,” अण्णा म्हणाले. “वजाबाकीत मार खातो.”

“घरी अभ्यास करतो का?”

“लग्न झाल्यापासून वेगळा राहतो.”

“मित्र कसे आहेत?”

अण्णांनी कोपऱ्यातल्या मौनीकडे पाहिलं. “एकच आहे. बोलत नाही.”

बाईंनी मान डोलावली. मग त्यांचं लक्ष त्या मुलाकडे गेलं आणि आपण कशासाठी आलो होतो ते त्यांना आठवलं. पण तोवर अण्णांनी मोबाइल त्यांच्या हातात दिला होता. बाईंनी दोन्ही मेसेज वाचले. त्या सावकाश वाचत. संस्थापकाला त्या वाचण्यात आपल्या दोन्ही खोल्या रिकाम्या होताना दिसल्या.

“चार वर्षं तुमचंच सॉफ्टवेअर वापरतोय,” बाई म्हणाल्या, “रोज वापरतोय, आणि प्रगती नाही?”

“बाई, तो विद्यार्थी म्हणजे मी आहे. मी मुद्दाम चुकतो. ते आमच्या कामाचा भाग आहे.”

“तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय, आमचा प्रत्येक विद्यार्थी पुढे जातो.”

खोलीत शांतता पसरली. मग कोपऱ्यातून मौनीचा आवाज आला. “एक सोडून.”

तो बोलल्यावर आधीची शांतता बरी होती असं सगळ्यांना वाटलं.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “मुद्दाम चुकता ना? मग आज मुद्दाम चुकू नका. चौसष्ट वजा सत्तावीस. सोडवा बघू.”

संस्थापक संगणकासमोर बसला. त्याच्या एका बाजूला बाप उभा होता, दुसऱ्या बाजूला बायको, मागे मोठ्या बाई. खाली शिवणाचं मशीन सुरू झालं आणि टेबल थरथरू लागलं. चौसष्ट वजा सत्तावीस. हे त्याला येत होतं. पडद्यावर रिकामी चौकट होती आणि तिच्यापुढे कंपनी, खोल्या, बायकोची चार वर्षं, सगळं उभं होतं. इतकं काही उभं असलं की माणूस विचार करत नाही, हाताला वळण असेल तसं करतो. त्याच्या हाताने त्रेचाळीस लिहिलं आणि बटण दाबलं.

बायकोने डोळे मिटले.

अण्णा मात्र रागावले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची जवळ ओढली, पेन्सिल उचलली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “असू दे. होतं असं. हे बघ, चारातून सात जात नाहीत, तेव्हा तू काय केलंस…”

“तू सातातून चार वजा केलेस,” संगणक म्हणाला. आवाज बायकोचा होता, शाळेत असतानाचा, शांत. “पण चार वर आहेत आणि सात खाली. वरच्यातून खालचे जायला हवेत. चार कमी पडतात, म्हणून शेजारच्या सहाकडून एक दशक माग.”

अण्णांची पेन्सिल हवेत राहिली. “हे माझ्या आधी बोललं,” ते म्हणाले.

“बोलतं ते,” संस्थापक खाली मान घालून म्हणाला.

“पण मी जे बोलणार होतो तेच बोललं. ह्याला कसं कळलं तू कुठून घसरलास ते? त्रेचाळीस काय, कसंही येऊ शकतं.”

“कसंही नाही येत अण्णा. असंच येतं.”

अण्णांना तोंडी सांगितलेलं पटत नसे. त्यांनी मुलाला उठवलं, स्वतः बसले आणि एका बोटाने त्याच गणिताचं उत्तर लिहिलं, सत्तेचाळीस. मग मशीनला सापळा लावलेल्या माणसासारखे हाताची घडी घालून मागे टेकले.

“हातचा घेतलास, हे छान,” संगणक म्हणाला. “पण ज्याच्याकडून घेतलास त्याच्याकडचा एक कमी करायचा राहिला. सहाचे पाच कर.”

अण्णा पडद्याकडे वाकले. “एका ठिकाणाहून उचललं आणि तिथून कमी दाखवलंच नाही,” ते हळू म्हणाले. “अहो, ही माझी उभी नोकरी आहे. हे एवढं एक शोधायला मी गावोगाव हिंडलो. लोक आठ-आठ दिवस दाद लागू द्यायचे नाहीत. हे कोणी शिकवलं ह्याला?”

मौनीने संस्थापकाकडे बोट दाखवलं. “ह्यांनी. रोज बसून.”

“ही चूकही तू केलीस?”

“हो.”

“आधीचीही?”

“सगळ्या मीच केल्यात अण्णा. दोन-अडीचशे प्रकार आहेत. एकातली दुसऱ्यात मिसळू न देता कराव्या लागतात.”

अण्णा उठले. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने चांगली नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हापासून त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. “आयुष्यभर मी लोकांच्या चुका बघितल्या,” ते म्हणाले, “पण सगळ्या गबाळ्या. इतक्या शिस्तीत चुकलेला माणूस मी बघितला नाही.” संस्थापकाला ह्याहून चांगलं प्रशस्तिपत्र आजवर कोणी दिलं नव्हतं आणि पुढेही कोणी देणार नव्हतं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

मोठ्या बाईंनी घसा साफ केला. “माझा विचार झालाय,” त्या म्हणाल्या. “आमच्या शाळांतून दर परीक्षेला प्रगतिपुस्तकं घरी जातात. सही होऊन परत येतात. वाचत कोणी नाही. भेटायला बोलावलं तर शेजाऱ्याला पाठवतात. आणि तुमच्या दोन मेसेजांवर एक पालक बेचाळीस वर्षांच्या मुलाला घेऊन बसलाय, पेन्सिली घेऊन. मला हे पाहिजे.”

बायकोने संस्थापकाचा हात घट्ट धरला.

“फक्त मेसेज,” बाई पुढे म्हणाल्या. “गणित नको. गणित आमच्याकडे शिकवतात.”

संस्थापकाने मौनीकडे पाहिलं. मौनीने जेवणानंतर बसून केलेलं काम. चार वर्षांच्या चुका नकोत, ते हवं. नुसत्या मेसेजांवर कंपनी फार दिवस तगली नसती, पण महिनाअखेर किल्ल्या तरी द्याव्या लागल्या नसत्या. गरजवंताला अक्कल नसते. त्याने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं.

“थांब,” अण्णा म्हणाले. “बाई, एक विचारतो. ‘आपला पाल्य गणितात कच्चा आहे’ एवढाच मेसेज आला असता तर मी आलो असतो, असं वाटतं तुम्हाला?”

“का नाही?”

“दाढी पूर्ण केली असती आणि पेपर वाचत बसलो असतो. तो कच्चा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. सगळ्याच बापांना माहीत असतं. पण ह्यात लिहिलं होतं, मोठ्यातून लहान वजा करतो, वर असो की खाली. नेमका मुद्दा. नेमका मुद्दा आला की माणसाला स्वस्थ बसवत नाही. वाटतं, एवढंच ना, एवढं तर मीही सांगीन.” त्यांनी संगणकावर बोट ठेवलं. “आणि तो मुद्दा ह्याच्याकडून आलाय. हे काढून घेतलंत तर उरतं काय? पालकांना नमस्कार आणि खाली मुलाचं नाव. ते तर तुम्ही आताही पाठवता.”

मोठ्या बाई गप्प झाल्या. त्या पुष्कळ वर्षं लोकांना गप्प करत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना हे जरा नवीन होतं. त्यांनी अण्णांचा मोबाइल पुन्हा घेतला, पहिला मेसेज पुन्हा वाचला, तितक्याच सावकाश.

“सगळं घेते,” त्या म्हणाल्या. “सगळ्या शाळांसाठी. पण वजाबाकीवर माझं भागणार नाही. मोठ्या वर्गांना भागाकार लागेल. त्यातल्याही चुका अशाच पाहिजेत, नेमक्या. कोण करणार?”

सगळ्यांनी संस्थापकाकडे पाहिलं. तो उभा राहिला. “मी करीन,” तो म्हणाला. बायकोने सासऱ्यांसमोर, मोठ्या बाईंसमोर, “अरे!” म्हटलं आणि तोंडावर हात ठेवून ती आतल्या खोलीत पळाली. मौनी तिच्यामागोमाग चहा आणायला गेला.

बाई गेल्या. अण्णांनी कागदांची गुंडाळी केली, पेन्सिली तिथेच ठेवल्या, लागतील म्हणून. जिना उतरता उतरता त्यांनी ताईला फोन लावला. आनंदात असले की फोनवर ते मोठ्याने बोलत. शिवणकामाच्या दुकानातल्या मशिनी त्यासाठी क्षणभर थांबल्या.

“हो, भेटलो बाईंना. चांगल्या आहेत… नाही गं, वजाबाकी अजून नाही येत. माझ्यासमोर चुकला… अगं, ऐक तर. एवढ्या सगळ्या शाळांनी त्याला घेतलाय. आता भागाकाराला बसवणार आहेत… येतोय कुठला! भागाकारात तर तो लहानपणापासूनच ढ. त्यामुळे आता काही काळजी नाही. पोरगं नाव काढणार.”